अठ्ठावन्न हजर

विलास ओव्हाळ भित्रा होता. हे काही गुपित नव्हतं. पिंपरीत तो ज्या चाळीत राहायचा तिथली पोरं त्याला बघून मुद्दाम भुंकायची, कारण कुत्रं दिसलं की मास्तर रस्ता बदलतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बसमध्ये आपला थांबा आला तरी 'उतरायचंय' असं मोठ्यानं म्हणायला त्याची जीभ रेटायची नाही. पुढच्या थांब्यावर दुसरं कुणी उतरलं की त्याच्या मागोमाग उतरायचं आणि तेवढं अंतर चालत मागं यायचं, असा त्याचा शिरस्ता.

गावी, निघोज्याच्या शाळेत, पहिली-दुसरीला तो वर्गाबाहेर, पायरीवर बसायचा. मास्तर त्याचं नाव सगळ्यात शेवटी पुकारायचे आणि तो 'हजर' म्हणाला की आतून दोघं-तिघं फिदीफिदी हसायचे. तहान लागली तर कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत ओंजळ धरून उभं राहायचं. पुढं वडलांना, किसन ओव्हाळांना, पिंपरीच्या एका कंपनीत बॉयलरवर काम मिळालं, बिऱ्हाड इंद्रायणीच्या अलीकडं आलं. धर्म बदलला. विलास बी.एस्सी. झाला, बी.एड. झाला. वडील गेले तेव्हा पोरगा मास्तर झालेला बघून गेले. पण चारचौघांत त्याचं नाव कुणी पुकारलं की तो अजून मान खाली घालायचा.

१९७३ साली तो सत्तावीस वर्षांचा होता आणि चिंचवडच्या एका शाळेत गणित शिकवत होता. नोकरी हंगामी. दर एप्रिलला हातात कागद मिळायचा की उद्यापासून येऊ नका, आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज घेऊन दारात उभं राहायचं. चार वर्षं हेच चाललं होतं. 'मला कायम करा' असं सांगायला हेडमास्तरांच्या खोलीत जावं लागणार होतं, आणि ते त्याच्याच्यानं होणार नव्हतं.

त्याची बायको प्रभावती मात्र वेगळ्या मातीची. रबरी वॉशर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती पॅकिंगला होती, पहिल्या शिफ्टला. एकदा जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीच्या डब्याखालचा पेपर वाचता वाचता तिला एक जाहिरात दिसली. इथिओपियाच्या सरकारला गणिताचे आणि विज्ञानाचे शिक्षक हवे होते, मुलाखती मुंबईला. तिनं तेवढा तुकडा फाडून पदराला बांधला, घरी येऊन अर्ज स्वतःच्या हातानं भरला आणि नवऱ्यापुढं सहीला ठेवला.

"हा देश आहे तरी कुठं?" विलासनं विचारलं.

"मास्तर तुम्ही. तुम्हीच सांगा."

"अगं, पण आई आहे, तू आहेस..."

"मी आईंना बघेन. तुम्ही सही करा."

आपली निवड होणं शक्यच नाही, या भरवशावर त्यानं सही केली. मुंबईत तिघा साहेबांपुढं त्याला धड नावही सांगता आलं नाही. पण त्यांनी त्याच्या हातात खडू दिला आणि एक प्रमेय समजावून सांगायला लावलं. खडू हातात आला की त्याचं बरं चालायचं, कारण तोंड फळ्याकडं असायचं. तीन आठवड्यांनी पत्र आलं. दोन दिवस त्यानं ते कुणाला दाखवलंच नाही. तिसऱ्या दिवशी गादी झटकताना ते प्रभावतीच्या हाती लागलं, आणि मग सुटका नव्हती.

आई, भिमाबाई, निघायच्या दिवशी सकाळपासून त्याच्या पिशवीत काही ना काही कोंबत होती.

"आरं, माझा बाप निघोज्यातनं चाकणच्या बाजाराला गेला तरी आमी दिसभर वाट बघायचो. तू तर दर्याच्या पल्याड निघालास. तिथं रानातली जनावरं गावात येत न्हाईत न्हवं?"

"नाही गं आई. शाळा आहे तिथं, वीज आहे."

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं आपलं ठोकून दिलं.

राजधानीपासून दिवसभराच्या बसप्रवासावर, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात त्याची नेमणूक झाली. तांबडी माती, पत्र्याची घरं, निलगिरीची उंचच उंच झाडं, आणि हवा थेट लोणावळ्याची. आठवड्याच्या आतच संध्याकाळी अंधारून येताना त्यानं उकिरड्यावर तरस पाहिलं, कुत्र्यापेक्षा थोराड, पाठ उतरती. लोक त्याच्या बाजूनं गाढवं हाकत निघून गेले. विलास मात्र धावत खोलीवर आला आणि दाराला पेटी लावून बसला. आईला त्यानं लिहिलं, 'इथे जनावरांचा काही त्रास नाही.'

खोली अल्माझ नावाच्या विधवा बाईच्या घरामागं होती. बाई पन्नाशीची, उंच, खांद्यावर कायम पांढरी सुती शाल. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि याला अम्हारिक. 'इशी' म्हणजे 'बरं', एवढा एक शब्द तो पहिल्या दिवशी शिकला आणि सगळ्यालाच इशी म्हणत सुटला.

गावात आणखी एकच भारतीय शिक्षक होते, केरळचे कुरियन सर. नऊ वर्षं तिथं काढलेली. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, "ओव्हाळ, इथं तीन कामं करायची. शिकवायचं, घरी यायचं, दार लावायचं. काही बघायचं नाही आणि काही विचारायचं तर मुळीच नाही." हा सल्ला विलासला फार आवडला. तो आयुष्यभर तसाच तर जगत आला होता.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शिपाई निरोप घेऊन आला. "टुमारो, टू ओ'क्लॉक," दोन बोटं दाखवत तो म्हणाला. विलासला हायसं वाटलं, अर्धा दिवस तरी मिळाला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दीड वाजताच तो शाळेच्या फाटकात उभा राहिला, तर पोरं घरी निघालेली. त्या देशात घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि आठ म्हणजे दोन. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मिस्टर ओव्हाळ," हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "अकरावीच्या वर्गानं सकाळी तासभर तुमची वाट पाहिली."

त्यानं दहादा माफी मागितली आणि त्या रात्री करारपत्र तीनदा वाचून काढलं. विनापरवानगी गैरहजेरी, करार रद्द. हे कलम त्याला तेव्हापासून पाठ झालं.

वर्गात अठ्ठावन्न जण होते आणि त्यांतले निम्मे तरी त्याच्यापेक्षा वीतभर उंच. कुणी मधली काही वर्षं गुरं राखून परत आलेले, कुणाला घरी बायको-मूल. त्यानं फळ्यावर तारीख लिहिली आणि वर्गात खसखस पिकली. त्याचं १९७३ होतं, त्यांच्या पंचांगात १९६६ नुकतंच लागलं होतं. मास्तर सात वर्षं पुढून आलेले आहेत, असं कुणीतरी म्हणालं. विलास फळ्याकडं तोंड करून शिकवत राहिला. तास संपेस्तोवर वळलाच नाही.

असे आठ-दहा दिवस गेले. मग एकदा शेवटच्या बाकावरून आवाज आला.

"मिस्टर विलास, तुम्ही आम्हाला घाबरता का?"

विचारणारा तेस्फाये. चोविशीचा, लष्करी जुना कोट घालणारा, मध्ये तीन वर्षं मालट्रकवर क्लीनर राहून शाळेत परत आलेला. वर्गाचा पुढारी तोच. विलासला खोटं बोलायचं होतं, पण ते सुचायला थोडं तरी धैर्य लागतं.

"हो," तो म्हणाला.

"का?"

"तुम्ही अठ्ठावन्न आहात. मी एकटा आहे."

वर्ग हसला. तेस्फायेही हसला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. पुढच्या बाकावरच्या दोघांनी पसरलेले पाय आत घेतले. त्या दिवसापासून विलास अधूनमधून वर्गाकडं वळून बघू लागला. महिन्याभरानं तर त्यानं सगळा वर्ग मैदानात नेला आणि काठीच्या सावलीवरून निलगिरीची उंची काढायला शिकवली. तेस्फायेला ते उत्तर पटेना. तो दोरीचं टोक दातांत धरून झाडाच्या शेंड्यापर्यंत चढला, दोरी खाली सोडली, मापली, आणि उतरल्यावर म्हणाला, "सर, तुमची एक वीत चुकली." मास्तर आणि पोरं पोट धरधरून हसली. परमुलखात विलास पहिल्यांदा हसला तो तेव्हा.

जानेवारीत त्यांचा नाताळ आला. अल्माझनं त्याला जेवायला बोलावलं. मोठ्या परातीएवढी एकच आंबोळी, तिच्यावर मसूर, भाज्या आणि लालभडक कालवण, आणि भोवती घरातली सात-आठ माणसं. सगळ्यांचे हात त्याच परातीत. विलास जरा मागं सरून बसला. आपल्याला वेगळं वाढतील म्हणून वाट बघत होता. तेवढ्यात अल्माझनं एक घास वळला आणि त्याच्या तोंडाशी नेला. तिथली ती रीत, पाहुण्याला पहिला घास आपल्या हातानं भरवायचा. विलासनं तोंड उघडलं, घास आत गेला, आणि पुढं काही त्याला गिळता येईना. आईशिवाय दुसऱ्या कुणी त्याला कधी भरवलं नव्हतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बाईला वाटलं, तिखट लागलं. तिनं घाईघाईनं पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला, आणि तो तसाच, दुसऱ्याच्या घरातल्या पेल्याला ओठ लावून, पाणी पीत राहिला.

प्रभावतीला त्यानं एवढंच लिहिलं, 'घरमालकीण चांगली आहे. मसूर आपल्यासारखीच करतात.'

फेब्रुवारी उजाडला आणि तो देशच हलला. पेट्रोल महागलं, राजधानीत टॅक्सीवाले थांबले, मग शिक्षकांनी संप केला, त्यांच्या मागोमाग विद्यार्थ्यांनी. परदेशी शिक्षकांना मात्र रोज शाळेत येण्याचा हुकूम होता. विलास भिंतीच्या कडेकडेनं शाळेत जायचा. अठ्ठावन्नांच्या वर्गात सहा-सात डोकी असायची. तो हजेरी घ्यायचा, सात हजर, एक्कावन्न गैरहजर, आणि सात जणांना त्रिकोणमिती शिकवायचा. बाहेरून घोषणा ऐकू यायच्या. त्यांत तेस्फायेचा आवाज त्याला बरोबर ओळखू यायचा. एके दिवशी सरकारी कचेरीवर दगडफेक झाली, काचा फुटल्या, एका कारकुनाचं डोकं फुटलं. त्यानंतर गावाबाहेरच्या छावणीतून लष्कराच्या गाड्या फिरायला लागल्या.

मार्चच्या मध्याला सकाळी एक कॅप्टन दोन जीप घेऊन शाळेत आला. हेडमास्तरांच्या खोलीत विलासला बोलावणं आलं. कॅप्टन खिडकीशी उभा होता, हातात कातडी मोजे.

"कचेरीवर दगड पडले त्या दिवशी तुमच्या वर्गात कोण कोण नव्हतं, ते मला पाहिजे," तो म्हणाला. "महिन्याच्या हजेरीचा कागद आणा."

तिथं हजेरीला आपल्यासारखं कॅटलॉग नव्हतं. दर महिन्याला सायक्लोस्टाइल केलेला एक सुटा तक्ता मिळायचा. तो तक्ता त्या क्षणी विलासच्या काखेतल्या पिशवीतच होता.

"घरी आहे, सर," विलास म्हणाला.

आपण हे का म्हणालो ते त्याला कळलं नाही. तोंडातून निघून गेलं. आता ते परत घेणं म्हणजे खोटं बोललो असं कबूल करणं, आणि तेवढी छाती त्याला नव्हती.

"अर्ध्या तासात आणा," कॅप्टन म्हणाला आणि त्यानं एक बंदूकधारी शिपाई त्याच्याबरोबर दिला.

वाटेत मागून बुटांचा आवाज. तक्ता दिला तर एक्कावन्न जणांना उचलून नेतील, आणि एक्कावन्न घरांना कळेल की नावं या हिंदी मास्तरनं दिली. मग या गावात आपण राहणार कसे? न द्यावा तर कॅप्टन. घर येईपर्यंत त्याचा काहीच निर्णय झाला नव्हता.

अल्माझ अंगणात होती. तिनं आधी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग शिपायाकडं. विलास खोलीत शिरला तेव्हा ती शिपायाला हसून काहीतरी म्हणत होती आणि स्टूल पुढं करत होती. खिडकीतून त्याला दिसलं, बाई शेगडी पेटवायला बसली. कॉफी. त्या मुलखात पाहुण्याला कॉफी म्हणजे कच्चे दाणे धुण्यापासून सुरुवात. मग ते भाजायचे, वास पाहुण्याच्या नाकाशी न्यायचा, कुटायचे, उकळायचे, आणि एकामागून एक तीन फेऱ्या द्यायच्या. तिसरा पेला घेतल्याशिवाय उठणं म्हणजे घरधनिणीचा अपमान. शिपाई विशीतला पोरगा होता. आपल्या आईच्या वयाच्या बाईला नाही म्हणायला त्याला जमलं नाही.

विलासनं पेटी उघडली. खाडाखोड होईल या धास्तीनं तो दर महिन्याला दोन तक्ते मागून घ्यायचा, त्यातला कोरा तिथं होता. त्यानं पेन घेतलं. पहिलं नाव लिहिलं. त्यापुढं कामाच्या सगळ्या दिवसांत हजर, हजर, हजर. दहाव्या नावाला शाईचा ठिपका पडला. तो टिपून घेताना त्याच्या घशातून बारीक आवाज निघाला, आणि बाहेर ऐकू गेला की काय म्हणून तो तसाच श्वास धरून बसला. अंगणात दाणे तडतडत होते. विसावं नाव. तिसावं. तेस्फायेचं नाव सेहेचाळिसावं. ते लिहिताना त्याला निघोज्याची पायरी आठवली की नाही, हे त्याला स्वतःला पुढंही सांगता आलं नाही. त्याला फक्त कुटण्याचा आवाज आठवत होता, आणि तो थांबू नये असं वाटणं.

सगळे लिहून झाले तेव्हा बाहेर दुसरी फेरी चालू होती. आता खरा तक्ता कुठं लपवायचा? तेवढ्यात अल्माझ आत आली. टेबलावर दोन तक्ते शेजारी शेजारी. तिला इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं एकावर हात ठेवला आणि त्याच्याकडं पाहिलं. विलासनं मान हलवली, नाही. तिनं दुसऱ्यावर हात ठेवला. त्यानं डोळे मिटले आणि मान डोलावली. बाईनं तो कागद उचलला, चुरगळला, बाहेर गेली आणि शिपायाच्या देखत शेगडीत निखाऱ्यांखाली सारून वर फुंकर घातली. तिसरी फेरी त्यावर उकळली.

शाळेत परतायला दीड तास झाला होता. शिपायाला शिव्या बसल्या. कॅप्टननं तक्त्यावर बोट फिरवलं, वरून खाली.

"अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न हजर?"

"येस, सर."

"त्या दिवशीसुद्धा?"

"हजेरी घेतली आहे, सर."

"मग बाहेर दगड कोण मारत होतं?"

"मला... मला माहीत नाही, सर. मी फळ्याकडं तोंड करून शिकवतो."

हेडमास्तर आपल्या बुटांकडं बघत राहिले. कॅप्टननं विलासला नखशिखांत न्याहाळलं. घामानं भिजलेला शर्ट, बोटांना शाई. इतका घाबरलेला माणूस एवढी मोठी थाप मारेल असं त्याला वाटलं नसावं, किंवा वाटलं असेल आणि पुरावा नव्हता. त्यानं पासपोर्ट मागून घेतला.

"दर मंगळवारी छावणीत यायचं. दोन वाजता."

"कुठल्या घड्याळाचे दोन, सर?" विलासनं विचारलं. पुन्हा चूक व्हायला नको होती.

"आमच्या," कॅप्टन म्हणाला.

कुरियन सरांनी त्यांच्या नववीच्या वर्गाचा खरा तक्ता दिला होता. अकरा मुलं ट्रकमधून नेली. सात जण आठवड्यात सुटले, चार परत यायला पावसाळा उजाडला, आणि त्यांतल्या एकाचा हात वाकडा झाला होता. कुरियन सरांना गावी तीन मुली होत्या. "मी काय करणार होतो, ओव्हाळ?" ते म्हणाले. विलासनं त्यांना दोष दिला नाही. तक्ता आपण का दिला नाही, हे तरी कुठं आपल्याला ठाऊक आहे, असं त्याला वाटलं. त्यानं नुसता त्यांचा हात धरला.

मंगळवार मात्र भयंकर होते. छावणीच्या व्हरांड्यातल्या बाकावर कधी तास, कधी अख्खी सकाळ बसवून ठेवायचे. कुणी काही विचारायचं नाही. आतून कधी टाइपरायटर वाजायचा, कधी कुणाचं ओरडणं. आज पासपोर्ट फाडतील, आज आत घेतील, आज प्रभावतीला तार जाईल. सोमवारी त्याला जेवण जायचं नाही. दुसऱ्याच मंगळवारी त्याच्या ध्यानात आलं की अल्माझ काही पावलं मागून येते आहे. फाटकाबाहेरच्या दगडावर ती बसली, टोपलीतून कापूस काढला आणि टकळीवर सूत काढायला लागली. विलास बाहेर आला तशी उठली आणि घराकडं निघाली. पुढं दर मंगळवारी ती तशीच येत राहिली. पहारेकऱ्यांनी हटकलं की म्हणायची, रस्ता सरकारचा आहे, दगड देवाचा आहे. हे तिच्या पुतणीनं विलासला मोडक्या इंग्रजीत सांगितलं.

संप मिटल्यावर तेस्फाये वर्गात आला. तास संपला तरी रेंगाळला.

"सर, मी तीन आठवडे शाळेत आलो नव्हतो. कागदावर मात्र एक दिवस चुकलेला नाही म्हणतात."

"कुणी सांगितलं?"

"हेडमास्तरांनी. तुम्हाला भीती वाटली नाही?"

"अजून वाटते आहे," विलास म्हणाला. "तू मोठ्यानं बोलू नकोस."

सप्टेंबरात बादशहाचं राज्य उलथलं. कॅप्टनची कुठं बदली झाली, की त्यालाच आत टाकलं, कुणाला पत्ता नव्हता. छावणीत नवा कारकून आला. त्यानं कपाट आवरताना विलासचा पासपोर्ट शोधून काढला, एका वहीत सही घेतली आणि म्हणाला, "हा इथं कशाला ठेवलाय?" सहा महिन्यांचे मंगळवार असे एका सहीत संपले. विलास बाहेर येऊन अल्माझच्या शेजारी दगडावर बसला.

त्या हिवाळ्यात नव्या सरकारनं वरच्या वर्गातली सगळी मुलं खेड्यापाड्यांत कामाला धाडली. शाळेसमोर ट्रक लागले. तेस्फाये मागच्या फळीवर उभा होता, तोच कोट घालून. त्यानं ओरडून विचारलं, "मिस्टर विलास, आज हजेरी नाही?" विलासनं हात वर केला. ट्रक हलला. त्यानंतर तेस्फाये त्याला दिसला नाही. रिकाम्या शाळेत उरलेले महिने काढून जुलै १९७५ मध्ये विलास पिंपरीला परतला.

परदेशात शिकवून आलेला म्हणून त्याला इथल्या एका माध्यमिक शाळेत कायमची जागा मिळाली. मुलगी झाली. भिमाबाई नातीला मांडीवर घेऊन सांगायची, तुझा बा हब्शांच्या मुलखात राहून आला, तिथं जनावर म्हणून न्हाई. पुढं दोन-तीन वर्षांनी पेपरात तिकडच्या कत्तलींच्या बातम्या यायला लागल्या. रस्त्यांवर विद्यार्थ्यांची प्रेतं पडतात, असं छापून यायचं. विलास त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचायचा. नावं नसायची. तक्त्याबद्दल त्यानं घरात चकार शब्द काढला नव्हता.

तो काढला १९८२ साली. प्रभावतीच्या कारखान्यात बायकांनी दोन तास मशिनं बंद ठेवली होती. कुणी कुणी ठेवली, त्यांची नावं लिहून दे, असं सुपरवायझरनं तिला सांगितलं. ती चिडून घरी आली आणि पिशवी आदळत म्हणाली, "तुम्हाला विचारून काय उपयोग म्हणा. तुम्ही सांगाल, द्या आणि मोकळ्या व्हा."

विलास मुलीच्या वह्यांना कव्हर घालत होता. कात्री खाली ठेवून त्यानं सगळं सांगितलं, कॉफीपासून मंगळवारांपर्यंत. त्याला वाटलं, आता ती शाबास म्हणेल. तिचा चेहरा मात्र लाल झाला.

"आणि तुम्हाला काही झालं असतं तर? मी इथं कुणाच्या दारात जाऊन विचारलं असतं? निघोज्यात की पिंपरी नगरपालिकेत? माझा विचार तरी आला का तेव्हा?"

"नाही आला," विलास म्हणाला. "कुणाचाच नाही आला. मी फार घाबरलो होतो गं."

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. सुपरवायझरला तिनं नावं दिली नाहीत आणि तीन महिने तिचा ओव्हरटाइम बंद झाला. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता तिनं विचारलं, "त्या तेस्फायेचं पुढं काय झालं?"

"माहीत नाही."

"पत्र टाकायचं ना."

"कुठल्या पत्त्यावर?"

"त्या बाईच्या. पत्ता तरी आहे की तोही घाबरून टाकून दिलात?"

पत्ता होता. पण परदेशी पत्र सापडलं तर तिलाच त्रास होईल, या धास्तीनं सात वर्षांत त्यानं एक ओळ लिहिली नव्हती. प्रभावती दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर पोस्टातून निळं हवाईपत्र घेऊन आली आणि त्याच्यापुढं ठेवलं. विलासनं पुष्कळ विचार करून, बाईची पुतणी वाचून दाखवील अशा सोप्या इंग्रजीत लिहिलं. मी बरा आहे, मला एक मुलगी आहे, तुमची कॉफी आठवते. कुणाचं नाव लिहिलं नाही. शेवटी फक्त विचारलं, माझ्या वर्गातली मुलं कशी आहेत.

पत्राचं उत्तर आलं नाही. वर्षानं प्रभावतीनं आणखी एक कोरं हवाईपत्र आणलं.